सामुदायिक लवचीकता

सामुदायिक लवचीकता : इंधनाचे भाव भडकले, बाहेरचा पुरवठा तुटला, रोजगार गेले किंवा पूर, दुष्काळ, उष्णतेची लाट आली, तरी अन्न, पाणी, ऊर्जा आणि एकमेकांची देखभाल चालू ठेवण्याची व अनुभवातून आपली घडी बदलण्याची स्थानिक समाजाची क्षमता. कल्पना मूळची परिसंस्थाशास्त्रातील. सी. एस. हॉलिंग या कॅनडियन शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये स्थैर्य आणि लवचीकता यांत भेद केला : धक्क्यानंतर पूर्वस्थितीला लवकर येणे म्हणजे स्थैर्य, धक्का पचवून तग धरणे म्हणजे लवचीकता. त्याच वर्षी अरब देशांनी तेलपुरवठा रोखला, काही महिन्यांत तेलाचे भाव जवळपास चौपट झाले आणि दूरच्या इंधनावर उभे असलेले जगणे किती तकलादू आहे हे लोकांना कळले.

लवचीकतेसाठी थोडे शिल्लक ठेवावे लागते : धान्याचा साठा, पाण्याचा दुसरा स्रोत, दुरुस्ती जाणणारी माणसे. सुबत्तेत हाच खर्च वायफळ वाटतो आणि पहिली कात्री त्यालाच लागते.

माणसांमधली ओळख ही सर्वांत दुर्लक्षित शिल्लक होय. जुलै १९९५ मधील उष्णतेच्या लाटेत शिकागो शहरात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू अधिक झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी तेथील दोन शेजारी वस्त्यांची तुलना केली. दोन्हीकडे गरिबी होती, एकटे राहणारे वृद्धही होते. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे सुमारे ४० जण दगावले, साउथ लॉनडेलमध्ये सुमारे ४. पहिल्या वस्तीत दुकाने बंद पडलेली, भूखंड ओसाड. वृद्ध भीतीने दार लावून बसत. दुसरीत रस्ते गजबजलेले होते. म्हातारी माणसे सहज बाहेर पडत, थंडगार दुकानांत टेकत. उष्णता दोन्हीकडे सारखीच होती.

ऊर्जेच्या बाबतीत डेन्मार्कचे साम्सो बेट बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९९७ मध्ये नवीकरणीय ऊर्जेच्या राष्ट्रीय स्पर्धेत ते निवडले गेले. पुढे जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. घरे उबदार ठेवण्यासाठी शेतातला पेंढा जाळणारी केंद्रे आली. पवनचक्क्यांची मालकी शेतकरी, सहकारी गट आणि नगरपालिका यांच्यात वाटलेली आहे. आपल्या पैशाने उभारलेली चक्की डोळ्यांना खुपत नाही, म्हणून मालकीचा हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा.

क्यूबाचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धेच. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेथून येणारे स्वस्त तेल व खते थांबली. राजधानी हवानात मोकळ्या जागांवर भाजीचे वाफे फुलले. ते कौतुकास्पद होतेच. मात्र त्या वर्षांत लोकांची उपासमार झाली, वजने घटली आणि धान्याची आयात पुढेही चालूच राहिली.

आयर्लंडमधील किन्सेल येथे शिक्षक रॉब हॉपकिन्स यांनी विद्यार्थ्यांसह २००५ मध्ये तेलावरील अवलंबित्व टप्प्याटप्प्याने उतरवण्याचा आराखडा केला. त्यातूनच २००६ पासून इंग्लंडच्या टॉटनेस गावात ‘संक्रमण नगर’ (ट्रान्झिशन टाउन, म्हणजे तेलावरचे अवलंबित्व सोडत जाणारे गाव) चळवळ उभी राहिली. सामाईक बागा, घरांतील ऊर्जाबचत, स्थानिक उद्योग अशी तिची कामे. २००७ मध्ये सुरू झालेले गावाचे चलन, टॉटनेस पौंड, रोखीचा वापर घटत गेल्याने २०१९ मध्ये बंद झाले.

या विचारावरचा एक आक्षेप रास्त आहे : ‘तुम्हीच तग धरा’ असे सांगून शासन अंग काढून घेऊ शकते. रुग्णालय, वीजवाहिन्या, पूरनियंत्रण ही कामे एकट्या वस्तीच्या आवाक्यातली नाहीत. शिवाय फावला वेळ आणि स्वतःची जमीन असलेलेच बैठकांना येतात. भाडेकरू, स्थलांतरित मजूर बाहेर राहतात आणि धक्का आधी त्यांनाच बसतो.