रेग्युलेटरचा स्वतःचा गोंगाट

घरच्या घरी ऑडिओ उपकरणे बांधणारे ऑपअँपची (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीची) निवड, कपॅसिटरचा दर्जा आणि व्हॉल्यूम कंट्रोल यांवर पुष्कळ विचार करतात. पॉवर सप्लाय मात्र बहुतेक वेळा शेवटी उरकला जातो. वास्तविक स्पीकरपर्यंत पोहोचणारा प्रवाह हा सप्लायमधूनच आलेला असतो आणि इनपुटचा सिग्नल तो किती सोडायचा एवढेच ठरवतो. त्यामुळे सप्लायमध्ये जे मिसळलेले असेल, ते कमीअधिक प्रमाणात आवाजात उतरतेच.

रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअँपचे उदाहरण घेऊ. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईच्या कंपनांचा सिग्नल बनवणाऱ्या भागातून, निघणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ब्रिज रेक्टिफायरनंतरचा (विजेला एकदिश करणाऱ्या डायोडांनंतरचा) कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतो आणि रिकामा होतो. मंडल (सर्किट) १०० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर त्यावरचा दाब (व्होल्टेज) दर वेळी सुमारे १ व्होल्टने खालीवर होतो, म्हणजे हा रिपल मूळ सिग्नलच्या दोनशे पट मोठा असतो. तो दाबून टाकण्यासाठी रेग्युलेटर, म्हणजे दाब स्थिर ठेवणारी आयसी बसवायची, हे सर्वांना ठाऊक असते. रेग्युलेटर स्वतःही गोंगाट, म्हणजे दाबातली सूक्ष्म, अनियमित थरथर, निर्माण करतो, ही गोष्ट मात्र सहज नजरेआड होते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळणारा एलएम३१७ हा रेग्युलेटर पाहा. त्याच्या आत १.२५ व्होल्टचा एक संदर्भ दाब तयार केला जातो. वेगवेगळ्या प्रवाह-घनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या बेस-एमिटर (या दोन टोकांमधल्या) दाबांतला काही दशक मिलिव्होल्टचा फरक घेऊन तो सुमारे दहापट वाढवायचा आणि दुसऱ्या एका बेस-एमिटर दाबात मिळवायचा, म्हणजे तापमान बदलले तरी बेरीज जवळपास स्थिर राहते, अशी ही बँडगॅप रचना आहे. युक्ती सुंदर आहे, पण फरक वाढवताना त्याच्यासोबत ट्रान्झिस्टरांचा आणि रेझिस्टरांचा उपजत गोंगाटही वाढतो. त्यातून सुटका नाही, कारण रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत थरथरत असतात. नुसता पडून असलेला १ किलोओहमचा रेझिस्टरसुद्धा २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडा अधिक गोंगाट देतो. बेल लॅबमधील जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी या गोंगाटाचे मापन आणि स्पष्टीकरण १९२८ मध्ये प्रसिद्ध केले.

पुढचा भाग बांधणाऱ्याच्या हातात आहे. एलएम३१७ कडून १५ व्होल्ट मिळवण्यासाठी आपण बाहेर त्याच्या अ‍ॅडजस्ट पिनशी जोडलेले दोन रेझिस्टर लावतो आणि १.२५ चे बारापट करून घेतो. मात्र त्या रेझिस्टरांना संदर्भ दाब आणि त्यातला गोंगाट वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्ही बारापट होतात. या आयसीच्या माहितीपत्रकात गोंगाट आउटपुटच्या ०.००३ टक्के दिलेला आहे, म्हणजे १५ व्होल्टवर जवळपास ४५० मायक्रोव्होल्ट. यावरचा उपाय काही रुपयांचा आहे: अ‍ॅडजस्ट पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक कपॅसिटर. स्थिर दाबाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो, त्यामुळे आउटपुट १५ व्होल्टच राहते. बदलत्या दाबाला मात्र तो थेट ग्राउंडची वाट देतो, त्यामुळे गोंगाटासाठीचा गुणाकार बारावरून एकाच्या जवळ येतो. गोंगाट चाळीसेक मायक्रोव्होल्टपर्यंत उतरतो आणि १०० हर्ट्झचा रिपल दाबण्याची क्षमताही साधारण ६५ डेसिबलवरून ८० वर जाते. १० मायक्रोफॅरड पुरतात असे सर्वत्र लिहिलेले असते. पण २० हर्ट्झला तेवढ्या कपॅसिटरचा अडथळा सुमारे ८०० ओहम राहतो आणि त्या दोनांपैकी २४० ओहमच्या रेझिस्टरसोबत गोंगाट अजून साडेतीनपट होतच असतो. म्हणून मी १०० मायक्रोफॅरडचाच आग्रह धरेन. मात्र आउटपुट चुकून शॉर्ट झाले, तर हा साठा आयसीतून उलटा वाहू नये म्हणून अ‍ॅडजस्टपासून आउटपुटकडे एक डायोड हवाच.

आणखी एक गोष्ट आपल्या विजेशी निगडित आहे. १५-०-१५ चा (मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना १५ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर घेतला, तर २३० व्होल्टला कपॅसिटरवर कमाल साडेवीस व्होल्ट आणि रिपलच्या तळाशी साडेएकोणीस व्होल्ट मिळतात. रेग्युलेटरला काम करायला साडेचार व्होल्टची जागा उरते. संध्याकाळी दाब २०० वर घसरला, की हीच जागा पावणेदोन व्होल्टच्या आसपास येते, एलएम३१७ ला ती अपुरी पडू लागते आणि रिपलचे तळ थेट आउटपुटमध्ये उतरतात. अशा गावी १८-०-१८ घ्यावा आणि जास्तीच्या उष्णतेसाठी छोटा हीटसिंक लावावा.

मग याहून शांत रेग्युलेटरची गरज कोठे असते? चांगला ऑपअँप सप्लायमधला गोंगाट स्वतःच मोठ्या प्रमाणात रोखतो. तेथे नीट बांधलेला एलएम३१७ पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डॅकच्या (डिजिटल आकड्यांचा सिग्नल बनवणाऱ्या चिपच्या) संदर्भ-पिनला मात्र असे कवच नसते, कारण आउटपुट त्या दाबाच्या थेट प्रमाणात असते. ५ व्होल्टच्या संदर्भात १०० मायक्रोव्होल्टचा गोंगाट असेल, तर तो सिग्नलच्या केवळ ९४ डेसिबल खाली बसतो. शिवाय तो सिग्नलशी गुणला जात असल्याने गाणे थांबताच नाहीसा होतो आणि शांततेत केलेल्या मोजमापात सापडत नाही. अशा ठिकाणी एलटी३०४२ हा रेग्युलेटर शोभतो. एलएम३१७ घडवणारे बॉब डॉबकिन यांनी १९८१ मध्ये ज्या लिनियर टेक्नॉलॉजीच्या स्थापनेत भाग घेतला, त्याच कंपनीने तो २०१५ मध्ये आणला. त्यात १०० मायक्रोअँपिअरचा अचूक प्रवाह एकाच रेझिस्टरमधून सोडून हवा तो दाब आधीच मिळवतात, तो कपॅसिटरने गाळतात आणि पुढचा अँप्लिफायर त्याची एकास एक नक्कल करतो. गुणाकारच नसल्याने गोंगाट ०.८ मायक्रोव्होल्टवर येतो.

एवढी शांतता ग्राउंडच्या मांडणीत मात्र सहज वाया जाते. कपॅसिटर भरणारा प्रवाह सलग नसून छोट्या, तीव्र झटक्यांनी येतो. सरासरी १०० मिलिअँपिअर असली तरी झटका १ अँपिअरच्या घरात जातो. पीसीबीवरचा (सर्किट बोर्डवरचा) २ मिलिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर लांब तांब्याचा पट्टा सुमारे १० मिलिओहमचा असतो आणि त्या झटक्याने त्यावर १० मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे कार्ट्रिजच्या सिग्नलच्या दुप्पट. म्हणून रेक्टिफायर आणि मुख्य कपॅसिटर यांच्यातली वाट आखूड व स्वतंत्र ठेवावी आणि रेग्युलेटरचे ग्राउंड त्या कपॅसिटरच्या पायापासूनच पुढे न्यावे.

तपासणीसाठी बॅटरीवर चालणारा हजारपट अँप्लिफायर पत्र्याच्या डब्यात बसवून त्याचे आउटपुट संगणकाच्या साउंड कार्डला द्यावे. वारंवारतेच्या आलेखात १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींवर टोकदार सुळके दिसले, तर आधी जोडणी आणि रिपल पाहावा. सगळीकडे सारखी पसरलेली पातळी उंच असेल, तर रेग्युलेटरकडे वळावे.