स्फूर्ती नव्हे, लघुलेखिका

‘लिखाण अडलं की स्फूर्तीची वाट बघायची’ या समजुतीला पुरावा म्हणून रशियन कादंबरीकार दस्तयेवस्कीचा दाखला हमखास दिला जातो: अंगात आल्यासारखी २६ दिवसांत अख्खी ‘जुगारी’ कादंबरी!

२६ दिवस खरे, अंगात येणं खोटं. कादंबरीची कल्पना त्याने १८६३ मध्येच एका पत्रात मांडली होती. करार असा होता, की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर नऊ वर्षं त्याचं लेखन फुकट छापायचा हक्क प्रकाशकाला मिळणार होता. तरी ऑक्टोबर उजाडेपर्यंत कागद कोराच. मित्र म्हणाले, आपण वाटून लिहू. त्याने नकार दिला आणि लघुलेखिका (स्टेनोग्राफर) बोलावली: वीस वर्षांची आना.

रात्री तो टिपणं काढी, दुपारी मजकूर सांगे, आना घरी जाऊन तो सुवाच्य अक्षरात उतरवी. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त्या करी. रोज हेच. समोर लिहून घेणारं माणूस बसलं की पहिल्या वाक्यावर घुटमळायची सोयच उरत नाही!

शेवटी प्रकाशकच गावाबाहेर निघून गेला. मुदत पाळल्याचा पुरावा म्हणून हस्तलिखित पोलीस ठाण्यात देऊन पावती घ्यावी लागली.

(पुढच्या फेब्रुवारीत त्याने आणि आनाने लग्न केलं, पण तो उपाय सर्वांना लागू नाही.)