लेमिंग मेले की पिल्लं गायब

थंडीत ठाण्याच्या खाडीत किंवा भिगवणला चिखलात टकाटक चोची मारत पळणारे टिलवे, म्हणजे लिटल स्टिंट, बघितलेत ना? वजन जेमतेम 25 ग्रॅम. जूनमध्ये आपण पावसाकडे डोळे लावून बसलेले असतो तेव्हा हे सैबेरियाच्या पार उत्तर टोकाला, तैमिरच्या टुंड्रावर अंडी घालत असतात. त्यांच्यासोबत असणारा, वाकड्या चोचीचा कर्ल्यू सँडपायपर आपल्याकडे राखाडी असतो, तिकडे मात्र एकदम विटकरी लाल, पटकन ओळखूच येणार नाही.

तिकडे पाऊस-बर्फ तसा कमीच, पण खालची जमीन कायमची गोठलेली त्यामुळे वितळलेलं पाणी मुरणार कुठे, मग जिकडे तिकडे डबकी, डबक्यांत डासांच्या आणि चिलटांच्या अळ्या, आणि सूर्य मावळतच नाही म्हणजे खानावळ 24 तास चालू! टिलव्याची मादी तर बऱ्याचदा चार अंडी नराच्या गळ्यात मारते आणि पुढची चार दुसरीकडे घालून स्वतः उबवते. पिल्लं एका दिवसात घरटं सोडून स्वतःचं स्वतः खायला लागतात.

पण खरी गंमत लेमिंगची आहे. हा उंदरासारखा प्राणी, साधारण तीन-चार वर्षांनी बेसुमार वाढतो आणि मग धाडकन कमी होतो. लेमिंग भरपूर असले की आर्क्टिक कोल्हे तेच खातात, पक्ष्यांकडे फारसं बघत नाहीत. दुसऱ्या वर्षी लेमिंग संपले, कोल्हे मात्र तेवढेच आणि उपाशी, मग सगळी धाड अंड्यांवर.

तिथल्या लाल छातीच्या रेड-ब्रेस्टेड गूजने यावर भन्नाट उपाय काढलाय, थेट बहिरी ससाण्याच्या घरट्याशेजारी बिऱ्हाड! ससाणा पक्षीच मारून खातो, तरी त्याच्या शेजारी राहायचं, कारण तो स्वतःच्या घरट्याजवळ कोल्ह्याला फिरकू देत नाही. गुंडाच्या चाळीत खोली घेण्यासारखंच आहे हे, पण चालतं.

ब्रेंट गूज तैमिरहून हिवाळ्यात इंग्लंड-हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरतात. तिथे पक्षी मोजणाऱ्यांच्या लक्षात आलं की काही वर्षी थव्यात पोरंच पोरं, तर काही वर्षी जवळपास एकही नाही. 1980 च्या दशकात हे आकडे लेमिंगच्या चक्राशी जुळवून बघितले तर चक्क जुळले, आणि साउथ आफ्रिकेत थंडी काढणाऱ्या कर्ल्यू सँडपायपरचेसुद्धा.