एका गिअरबॉक्समधली तीन सालं

जुनी प्रीमियर पद्मिनी घेऊन कुणी गॅरेजमध्ये आला आणि म्हणाला, ‘गिअर नीट पडत नाही’, तर पहिला प्रश्न असतो : कुठला गिअर? मालकाला हा प्रश्न फालतू वाटतो. पण या गाडीच्या गिअरच्या एकाच पेटीत तीन वेगवेगळ्या काळांतल्या युक्त्या एकत्र नांदतात आणि प्रत्येकीचं दुखणं वेगळं असतं. पहिला गिअर एकोणिसाव्या शतकातला, वरचे तीन १९२८ नंतरच्या जमान्यातले आणि स्टेअरिंगजवळची गिअर टाकायची दांडी १९३८ च्या आसपासच्या अमेरिकेतली.

सुरुवात फ्रान्समधली. १८९० च्या दशकात पानार आणि लेव्हासर यांच्या गाड्यांत इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि मग गिअर अशी मांडणी आली. त्यातली दातेरी चाकं शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, सरकवून एकमेकांत अडकवायची. फिरतं चाक दुसऱ्या वेगानं फिरणाऱ्या चाकात घुसवायचं म्हणजे दातावर दात आपटणारच. ‘रांगडं आहे, पण चालतं’ अशा अर्थाचं लेव्हासर म्हणाल्याचं सांगितलं जातं. त्यावर उतारा ड्रायव्हरनंच शोधायचा होता, तो म्हणजे डबल क्लच. वरून खालच्या गिअरला येताना क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून थोडं ॲक्सिलरेटर द्यायचं, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. आपल्याकडे जुने ट्रक ड्रायव्हर हे अगदी सवयीनं करत.

१९२८ मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं. त्यामागचं डोकं अर्ल थॉम्पसन या अभियंत्याचं. दात अडकण्याआधी शंकूसारखी एक रिंग गिअरला घासते, दोघांचे वेग जुळवते आणि मगच दात आत जातात. ड्रायव्हरच्या कानाचं काम रिंगेनं उचललं. पण पैसे वाचवायला कितीतरी कंपन्यांनी पुढची अनेक वर्षं पहिल्या गिअरला ही सोय दिलीच नाही. गाडी थांबल्यावरच तो टाकायचा, मग कशाला खर्च, हा हिशेब. पद्मिनी ज्या गाडीपासून आली त्या फियाट ११०० मध्ये तोच हिशेब होता, अँबॅसेडरमध्येही.

दांडी स्टेअरिंगजवळ गेली ती मात्र यंत्राच्या गरजेपोटी नव्हे. पुढच्या सलग सीटवर तिघं बसावीत, पायाशी काही मध्ये येऊ नये, म्हणून १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकी कंपन्यांनी दांडी वर नेली. युरोपनं ती फॅशन उचलली. १९५३ ची फियाट ११००/१०३ त्याच वळणाची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं ती इथे आणली. मराठी माणसानं तिच्या नाकाडावरून तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. मग एलिगंट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट, प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी अशी नावं बदलत गेली. खुद्द इटलीत १९६६ च्या ११०० आर मॉडेलमध्ये दांडी पुन्हा खाली, दोन सीटच्या मध्ये आली होती. आपल्याकडे स्पर्धा नव्हती, बुकिंग करून वर्षानुवर्षं थांबणारं गिऱ्हाईक होतं; दांडी हलवायचं कारणच नव्हतं. ती जमिनीवर आली शेवटच्या काही वर्षांतल्या मॉडेलमध्ये. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला मात्र ती वरच सोयीची होती, ड्रायव्हरशेजारी आणखी माणसं मावत. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाच्या अटीमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता उरल्यात त्या हौशी मालकांकडच्या.

आणि त्यांची निम्मी दुखणी या लांबलेल्या दांडीचीच असतात. दांडी वर-खाली केली की एक हालचाल, पुढे-मागे ओढली की दुसरी. एकीनं गल्ली, म्हणजे गिअरची जोडी, निवडायची, दुसरीनं त्यातला गिअर टाकायचा. दोन्ही हालचाली स्टेअरिंगच्या नळीलगतच्या जोडदांड्यांतून आणि सांध्यांतून पेटीपर्यंत पोचतात. प्रत्येक सांध्यात बुश, म्हणजे झीज सोसणारी छोटी नळी. प्रत्येक बुश थोडा थोडा झिजतो आणि सगळ्यांचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, मिळून दांडीच्या टोकाशी चांगला बोटभर होतो. मग दांडी एका गल्लीत आणि आतला गिअर दुसऱ्या गल्लीत, असं होऊन गिअर अडकतो. अशा वेळी इंजिन बंद करून, चाकांना अडण लावून, बॉनेट उघडायचं आणि जोडदांड्यांच्या खालच्या टोकाचा आर्म हातानं न्यूट्रलला आणायचा. दांडीवर जोर काढण्यात अर्थ नसतो, त्यानं सांधे वाकतात.

अजून एक गोष्ट सहज निसटते. दांडी बॉडीला पक्की, पण पेटी रबराच्या माउंटिंगवर. रबर दबून बसलं की दोघांमधलं अंतर बदलतं आणि काल नीट लावलेली ॲडजस्टमेंट आज चुकते. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर गिअर निसटत असेल तर आतली छर्रा-स्प्रिंग (गिअर जागेवर धरून ठेवणारी) किंवा दातांची झीज शोधण्याआधी हे रबर बघावं. रबर बदलणं म्हणजे थोडक्यात आटपणारं काम. पेटी उतरवणं म्हणजे गाडी काही दिवस उभी.

निदानाची सर्वात सोपी कसोटी फुकट आहे. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना सगळे गुपचूप पडतात आणि चालू केल्यावर कर्र करतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लचची चुगली तोच आधी करतो. इंजिन बंद असतानाही अडत असेल तर दोष जोडदांड्यांत किंवा आतल्या फोर्कमध्ये, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यात. चालत्या गाडीत फक्त दुसरा किंवा तिसरा खरखरत असेल तर रिंग झिजली.

आणि उभ्या गाडीत पहिला कर्र करत असेल तर? तो बिघाड असेलच असं नाही. क्लच दाबल्यावरही आतला शाफ्ट क्षणभर फिरत राहतो. आधी दुसऱ्यात टाकायचं. दुसऱ्याची रिंग तो शाफ्ट थांबवते आणि मग पहिला लोण्यासारखा पडतो. १९२८ च्या युक्तीनं १८९० च्या दशकाला हात द्यायचा, इतकंच.

ऑइलमध्येही काळ पाळावा लागतो. ‘सर्वात भारी’ म्हणून जीएल-५ दर्जाचं ऑइल भरणारे भेटतात. डिफरन्शियलसाठी, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसाठी, ते उत्तम, पण त्यातली गंधकयुक्त रसायनं जुन्या पितळी भागांना खातात आणि त्याचा निसरडेपणा रिंगेला पकड घेऊ देत नाही. पुस्तिकेत लिहिलेला दर्जा बघूनच डबा उघडावा.