मालवण ते देवबाग: रापणीच्या किनाऱ्यावर पर्यटन कसे आले

मालवण, तारकर्ली आणि देवबाग येथे सुट्टी घालवायला जाणाऱ्यांना माडांखालची घरे, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या आणि सकाळी किनाऱ्याला लागणारी रापण, म्हणजे वाळूवरून ओढायचे मोठे जाळे, हे सारे पूर्वापार तसेच चालत आले आहे असे वाटते. या किनाऱ्याचे आजचे रूप मात्र बरेचसे गेल्या चार दशकांतील शासकीय निर्णयांतून आणि त्या निर्णयांना मच्छीमारांनी केलेल्या विरोधातून घडले आहे.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम 1664 मध्ये सुरू झाले, तेव्हापासूनचा राजकीय इतिहास सर्वांना ठाऊक आहे. गाबित या मच्छीमार समाजाच्या वस्त्यांचे अर्थकारण मात्र दीर्घकाळ रापणीवर उभे होते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन रांगांनी ते ओढत हळूहळू एकमेकांजवळ सरकायचे, अशी ही पद्धत. तिला पुष्कळ माणसे लागतात आणि मिळालेल्या बांगड्या-तारल्यांचे ठरलेल्या रीतीने वाटे होतात. होडी, जाळे आणि अंगमेहनत यांचा हिशेब त्यात वेगवेगळा धरला जातो. रापणीला मोकळी, सलग वाळू लागते, ही बाब पुढच्या सगळ्या वादांत महत्त्वाची ठरली. यांत्रिक ट्रॉलर वाढल्यावर पहिला संघर्ष पेटला आणि 1981 च्या राज्य कायद्याने किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे नियमन सुरू झाले. त्याची अंमलबजावणी किती ढिली होती, हे कोणताही रापणकर सांगेल.

सर्वांत गुंतागुंतीचा ठरला तो 1987 चा निर्णय. त्या वर्षी मालवणसमोरचे सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यातील साधारण 3 चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या आसपासचे पाणी येते. येथील प्रवाळ, खडक आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारे मासे राखण्याचा हेतू रास्तच होता. अडचण होती ती 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या चौकटीची. जमिनीवरच्या जंगलासाठी आखलेली ही चौकट रोज पहाटे पाण्यात उतरणाऱ्या माणसाला लागू केली, की त्याचा पिढीजात वावर परवान्याचा विषय होतो. आपल्याशी पुरेशी चर्चा झाली नाही आणि एकदा हद्द पक्की झाली की मासेमारी बंद होईल, हा मच्छीमारांचा आक्षेप होता. त्या विरोधामुळे अभयारण्य दीर्घकाळ बहुतांशी कागदावरच राहिले.

वन्यजीव कायद्यात 1991 मध्ये दुरुस्ती झाली. प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, असे तीत नमूद झाले. मालवणची घोषणा त्याआधीच होऊन गेलेली असल्यामुळे ही सुधारणा येथल्या लोकांना उशिरा सुचलेले शहाणपण वाटली असेल तर त्यात नवल नाही. त्याच कायद्यात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देण्याची जी कारणे मोजली आहेत त्यांत अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटन आहे, मासेमारी नाही. आज किल्ल्याच्या आसपास स्नॉर्कलिंगसाठी पाहुण्यांना ज्या पाण्यात उतरवले जाते ते हेच पाणी. ज्यांच्या वावराला धोका मानले गेले त्यांच्याच होड्या आता पाहुण्यांना प्रवाळ दाखवायला नेतात, हा विरोधाभास या प्रकरणातील कोणत्याही अहवालापेक्षा बोलका आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांची राहण्याची सोय मोठ्या हॉटेलांनी केली नाही, कारण 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम रोखले होते. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीत या नियमातून सुटणारी जागा फार थोडी. तेव्हा राहत्या घरातच दोन खोल्या वाढवून किंवा रंगवून न्याहरी-निवास सुरू झाले आणि घरातल्या बायकांच्या हातचे बांगड्याचे तिखले हे उत्पन्नाचे साधन बनले. मासळीच्या वाट्यावर चालणाऱ्या घरांत या व्यवसायामुळे प्रथमच पाहुण्यांचे रोख पैसे बाईच्या हाती येऊ लागले. या बदलाची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही. अर्थात या बांधकामांपैकी कोणते दुरुस्तीत मोडते आणि कोणते नवे, हा वाद अनेक वर्षे चालू राहिला. मूळ घराचा पाया, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता मच्छीमारांसह स्थानिकांना घरगुती निवास चालवता येईल, अशी तरतूद 2019 च्या नव्या किनारा नियमन अधिसूचनेने केली.

पाहुण्यांचा राबता वाढत असताना समुद्रातली ओढाताण थांबली नव्हती. पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढून तळाशी आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी बांगड्याचे थवेच्या थवे रापणीच्या टप्प्यात येण्याआधीच उचलले जातात, ही तक्रार आंदोलनांपर्यंत पोहोचली आणि फेब्रुवारी 2016 मध्ये राज्याने अशा मासेमारीस सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. रापणीला लागणारे मासे कमी झालेल्या घरांतील तरुण जलक्रीडांच्या होड्यांवर गेले, तर काहींनी दोन्ही कामे हंगामानुसार वाटून घेतली. आता तंटा मुख्यतः वाळूवरच्या जागेचा आहे. 2019 च्याच अधिसूचनेने भरतीरेषेपासून 10 मीटर अंतर राखून पुळणीवर पर्यटकांसाठी तात्पुरत्या सुविधा उभारण्यास वाट करून दिली आहे. जाळी सुकवण्याच्या, होड्या ओढण्याच्या आणि रापण लावण्याच्या जागा किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशांवर स्पष्टपणे दाखवाव्यात, ही मच्छीमारांची मागणी तिथूनच येते.