‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणण्याआधी
(दुर्बिणीएवढ्या मोठ्या लेन्स भाड्याने नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

सोमवारी सकाळी कोल्हापुरातलं आमचं दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक बहुधा एकच तक्रार घेऊन येतं. ‘लेन्स सॉफ्ट हाय वो, दुसरी द्या.’ म्हणजे फोटो धारदार येत नाही. रविवारी दाजीपूरच्या अभयारण्यात नाहीतर कळंब्याच्या तळ्यावर जाऊन आलेलं असतं. आम्ही कार्ड लावतो, फोटो शंभर टक्के मोठा करून बघतो आणि बहुतेक वेळा लेन्स निर्दोष सुटते. तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून हे पत्रक. जायच्या आदल्या रात्री वाचा. जंगलात उघडून बसू नका, तेवढ्यात गवा निघून जाईल.

फोटो धूसर आलाय, पण कसा?

धूसरपणा एकाच जातीचा नसतो. सगळंच एका दिशेला फरफटल्यासारखं दिसत असेल, तर तुमचा हात हललाय. फांदी स्वच्छ आणि पक्षी पुसट असेल, तर पक्षी हललाय. शेपटीची पिसं मोजता येतायत पण डोळा मऊ आहे, तर फोकस चुकीच्या जागी बसलाय. आणि कुठंच काही धारदार नाही, कडा पाण्यात बघितल्यासारख्या लहरतायत, तर तो उन्हाचा खेळ आहे. प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी निदान करा.

हात हलण्याचा जुना हिशोब असा: लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाच्या निदान तितक्याव्या भागाचं शटर. आपल्याकडे बहुतेकांचे कॅमेरे क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचे. ६०० मिमी लेन्स त्यावर ९०० सारखी वागते (कॅनन असेल तर ९६०), म्हणून १/१०००च्या खाली येऊ नका. उडत्या पक्ष्याला १/२५०० किंवा १/३२००. उलट, उभा गवा आणि जीपच्या दारावर वाळूची नाहीतर तांदळाची पिशवी ठेवून त्यावर लेन्स, अशी बैठक जमली तर १/२५० सुद्धा चालतं. पिशवी आमच्याकडे मिळते, पण घरातली जुनी उशीही तितकीच चांगली. जीपचं इंजिन मात्र बंद करायला सांगा.

आमची स्वतःची फजिती सांगतो. शनिवारी लग्नाची ऑर्डर केली आणि रविवारी तोच कॅमेरा घेऊन पहाटे दाजीपूर गाठलं. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली, पंखांचा तो मोठा सूं-सूं आवाज करत. धडाधड वीस फ्रेम मारल्या. शटर मांडवातलंच होतं, १/१६०. वीसच्या वीस फ्रेममध्ये दोन काळे बोळे. तेव्हापासून नियम केलाय, गाडीत बसल्यावर आधी शटर आणि आयएसओ (कमी उजेडात कॅमेऱ्याला किती ताणायचं तो आकडा) बघायचा, मग चहा.

आयएसओ वाढवायला लोक उगाच घाबरतात. झाडीत सकाळी साडेसहाला उजेड असतोच किती? ३२०० लावा, ६४०० लावा. त्यानं फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो आम्हालाही सरळ करता येत नाही.

अंतराचा हिशोब

हे फार कमी लोक मनावर घेतात, म्हणून आकड्यात मांडतो. खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २८ सेंटिमीटर. तो ६० मीटरवर बसलाय आणि तुमच्याकडे ६०० मिमी लेन्स, २४ मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा. तेवढ्या अंतरावर फ्रेमची रुंदी होते सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटर. म्हणजे ६००० पिक्सेलपैकी खंड्याच्या वाट्याला जेमतेम ७००. डोळ्याला किती आले असतील, तुम्हीच मोजा. तोच खंड्या १५ मीटरवर असला तर २८०० पिक्सेल मिळतात. लेन्स तीच, पक्षी तोच.

दुरून काढून कापून मोठा करायचा, हा धंदा आतबट्ट्याचा. १२ बाय १८ इंचाची चांगली प्रिंट हवी तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे जवळपास अख्खी फ्रेम. चौथाई तुकडा कापून आणलात तर १० बाय साडेसहापर्यंतच नीट निघेल. मग प्रिंट मऊ आली म्हणून आमच्याशी भांडू नका.

जवळ जायचं म्हणजे पक्ष्याच्या मागं धावायचं नाही. खंड्या त्याच त्याच काठीवर परत येतो. ती काठी हेरून ठेवा, ऊन पाठीशी घ्या आणि तो नसताना जाऊन गप्प बसा. तासभर मोबाईल बंद. हीच खरी अवघड अट.

अंतराचा दुसरा तोटा म्हणजे हवा. मार्च-एप्रिलमध्ये नऊ वाजले की रंकाळ्याच्या पाण्यावर आणि काठच्या दगडांवर हवा थरथरायला लागते. त्यातून ८० मीटरवरचं काहीही धारदार येत नाही, लाखाची लेन्स असली तरी. ट्रायपॉड लावून उपयोग नाही, शटर वाढवून उपयोग नाही. पहाटे या किंवा जवळ बसा. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरूनही काढू नका, तिथंही तेच.

फोकसबद्दल थोडंसं

गवतात उभा गवा दिसला की कॅमेरा पुढची काडी पकडतो. फोकसचे सगळे पॉइंट चालू ठेवण्यापेक्षा एकच बारीक पॉइंट डोळ्यावर ठेवा आणि सतत फोकसचा मोड लावा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांना डोळा आपोआप सापडतो खरा, पण दाट फांद्यांत तेही चकतात. १५०-६०० सारख्या झूमला अगदी टोकाला, ६०० वर आणि पूर्ण उघडी ठेवण्यापेक्षा एफ/८ वर (आतलं भोक थोडं लहान करून) थोडी धार वाढते. उजेड असेल तेव्हा वापरा, नसेल तर हट्ट नको.

तरी शंका असेल तर घरी तपासणी करा. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर (हाताचा हलणं सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर. डीएसएलआर असेल तर एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून आणि एक लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून. लाइव्ह व्ह्यूचा स्वच्छ आणि दुसरा मऊ आला, तर फोकस पुढं-मागं पडतोय. कॅमेऱ्यात तो जुळवायची सोय असेल तर दुकानात जुळवून देऊ. दोन्ही मऊ आले तर लेन्स घेऊन या, मग तुमचं खरं. आधी पुढचा दोनशे रुपयांचा फिल्टर मात्र काढून बघा.

आता बसा

रचनेवर पुस्तकं भरतील, आम्ही एकच गोष्ट सांगू: खाली बसा. रंकाळ्याच्या कठड्यावरून हळदी-कुंकू बदकाचा फोटो काढलात, तर वरून दिसणारी पाठ आणि मागं हिरवट पाणी, बस. पायऱ्या उतरून पाण्यालगत कॅमेरा टेकवलात, की बदकाचा डोळा तुमच्या डोळ्यासमोर येतो, चोचीवरची हळद आणि कुंकू दिसायला लागतं आणि मागचा काठ लांब जाऊन विरघळतो. पँट खराब होते. होऊ द्या.

पक्षी बघतोय त्या बाजूला जागा सोडा, हे सगळ्यांना माहीत असतं. पाय आणि शेपटी कापू नका, हे माहीत असूनही विसरलं जातं. गव्याचं तर खास. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय हीच त्याची ओळख, आणि नेमकी तिथंच फ्रेम संपलेली असते. गवा काळा असल्यामुळे फ्रेम भरून आला की कॅमेरा त्याला राखाडी करायला बघतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप उणे करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). काळ्या पाण्यावर छोटा पांढरा बगळा असेल तेव्हाही उणेच, नाहीतर पिसं जळून नुसता कागद उरतो.

आणि दरवेळी फ्रेम भरायची कशाला? धुक्यातला सडा (कातळाचं पठार), मागं सह्याद्रीची रांग आणि कोपऱ्यात गवा एवढासा, असा १०० मिमीवर काढलेला फोटो आमच्या दुकानातल्या भिंतीवर आहे. त्याच्यासमोर लोक जास्त वेळ थांबतात. शेजारी गव्याचं भलंमोठं तोंड आहे, त्याच्याकडे बघून पुढं जातात. बाबूराव पेंटर आधी चित्रकार होते, १९१८च्या सुमारास याच कोल्हापुरात त्यांनी स्वतःच्या हातानं चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. आपल्याला तो तयार मिळालाय, निदान चित्र तरी आधी डोळ्यांनी बघावं.

घरट्याजवळचे फोटो आम्ही छापत नाही. पक्ष्याला मोबाईलवर आवाज लावून बोलावून काढलेले कळले तर तेही नाही. अभयारण्यात जीपमधून उतरायचं नाही, वाटाड्याचं ऐकायचं.

परत आणताना

पावसाळी हवेत एसी गाडीतून लेन्स एकदम बाहेर काढली की काचेवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, बॅग बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा किंवा घाटातच एसी बंद करा. स्वतःची लेन्स असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली की बुरशी धरत नाही. तांदूळ नको, पीठ आत जातं. आमच्या लेन्सवर चिखल उडाला तर रुमालानं, शर्टच्या टोकानं घासू नका. तसाच आणा, आम्ही काढतो, त्याचे पैसे घेत नाही. ओरखड्याचे घेतो.