अल्झायमर रोगातील प्रथिनसंचय

अल्झायमर रोगात मेंदूमध्ये दोन प्रथिने साचत जातात. बीटा-अमिलॉइडच्या गाठी चेतापेशींच्या बाहेर बनतात, तर टाऊ पेशींच्या आत धाग्यांसारखे गुंतते.

१९०१ साली ५१ वर्षांच्या आउगुस्टे डेटर फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी नाव विचारले. ‘आउगुस्टे.’ आडनाव? ‘आउगुस्टे.’ नवऱ्याचे नाव विचारले तरी त्यांच्या तोंडी आपलेच नाव आले. १९०६ मध्ये त्या वारल्या. मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर अल्झायमर यांना गाठी आणि गुंते दोन्ही दिसले.

बीटा-अमिलॉइड हा पेशीच्या पडद्यातील एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा. दोन विकर ते प्रथिन कापतात आणि तुकडा सुटतो. तसा तो निरोगी मेंदूतही सुटतो, पण निचरा होत राहतो. ४२ अमिनो आम्लांचा तुकडा मात्र चिकट, तो लवकर गोळा होतो. या मूळ प्रथिनाचे जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. डाउन सिंड्रोममध्ये ते गुणसूत्र एक जास्त असते, म्हणून त्या व्यक्तींच्या मेंदूत हा संचय फार लवकर होतो. अमिलॉइडपासूनच रोगाची साखळी सुरू होते, या १९९२ मध्ये मांडलेल्या गृहीतकाला यातून मोठा आधार मिळाला.

टाऊचे काम वेगळे. पेशीच्या आत मालाची ने-आण करणाऱ्या सूक्ष्मनलिकांना ते धरून ठेवते. त्यावर फॉस्फेट गट प्रमाणाबाहेर चढले की ते नलिका सोडते आणि आपापसांत गुंतते. हा गुंता सहसा स्मृतीशी निगडित भागांत आधी दिसतो व मग पसरतो. रुग्ण किती विसरतो याचा मेळ अमिलॉइडपेक्षा टाऊशी अधिक बसतो; गाठी असूनही शेवटपर्यंत बुद्धी शाबूत राहिलेली माणसे आहेत. कोलंबियातील एका महिलेला चाळिशीतच रोग आणणारे आनुवंशिक उत्परिवर्तन होते. मेंदूत अमिलॉइड भरपूर, टाऊ मात्र थोडे. तिची स्मृती सत्तरीपर्यंत टिकली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही एक नोंद मला या विषयात सर्वांत बोलकी वाटते.

अमिलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णांत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी घटला. गेलेली स्मृती परत आली नाही. काहींच्या मेंदूला सूज आली, काहींना सूक्ष्म रक्तस्राव झाला. हा संचय लक्षणांच्या १५-२० वर्षे आधीपासून होत असतो, त्यामुळे विसरभोळेपणा घरच्यांच्या ध्यानात येतो तेव्हा बऱ्याच चेतापेशी गेलेल्या असतात.